टेप बिघडली की ड्राइव्ह? बॅकअपच्या टेपांची तब्येत कशी ओळखावी

धुळ्याच्या एका पतसंस्थेत संगणक सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे सर्व्हरला जोडलेला एकच एलटीओ-६ ड्राइव्ह आहे (एलटीओ ही बॅकअपच्या टेपांची एक ठरलेली जात, ६ ही तिची पिढी) आणि ३२ टेपा. त्यातल्या निम्म्या २०१५ च्या सुमाराला घेतलेल्या. रोजचा बॅकअप 'यशस्वी' म्हणून हिरवा दिसतो. पण मागच्या महिन्यात एका जुन्या टेपवरून एक फाइल काढायची वेळ आली, तेव्हा पहिल्या खेपेला टेप वाचलीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी घातली तर निघाली. त्यातच लेखापरीक्षकांनी विचारलं, टेपांची तब्येत कशी तपासता? ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: हार्ड डिस्कची तब्येत जशी टक्क्यांत दिसते तसं टेपसाठी काही आहे का, टेपा किती वर्षांनी बदलायच्या, आणि दर सोमवारी त्या क्लीनिंग टेप घालतात ते पुरेसं आहे का.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे नुकसान चालू आहे. सोमवारची सफाई आजपासून बंद करा. क्लीनिंग टेप जराशी खरखरीत असते, ती हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग, घासूनच साफ करते. हेडवरची रोजची धूळ झटकायला एलटीओ ड्राइव्हच्या आत स्वतःचा छोटा ब्रश असतो. त्याने भागेनासं झालं की ड्राइव्ह स्वतः सफाई मागतो: पुढचा नारिंगी दिवा लागतो किंवा, ज्या ड्राइव्हला एका अक्षराची खिडकी आहे तिथे, 'सी' दिसतो. मागेल तेव्हाच द्यायची. शिवाय क्लीनिंग टेप साधारण ५० वेळाच चालते आणि तिच्या चिपमध्ये तो हिशेब असतो. वर्षात सोमवार ५२. म्हणजे तुमची क्लीनिंग टेप वर्षापेक्षा जुनी असेल तर ती बहुधा कधीच संपलेली आहे, ड्राइव्ह ती न वापरताच बाहेर ढकलतोय, आणि आपल्याला वाटतंय सफाई झाली. आधी ते बघून घ्या.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय टेपच्या तब्येतीबद्दल, पण तुम्हाला खरं कळायला हवंय ते वेगळं आहे: त्या दिवशी टेप पहिल्या खेपेला का वाचली गेली नाही, आणि दुसऱ्या दिवशी का वाचली गेली? दोष टेपचा होता, ड्राइव्हचा होता, की आणखी कशाचा? याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. हार्ड डिस्कमध्ये चकती आणि हेड एकाच डब्यात जन्मभर एकत्र असतात, म्हणून त्या डब्याची एक तब्येत सांगता येते. टेप मात्र एकटी असताना मोजताच येत नाही. ती ड्राइव्हमध्ये गेली की मोजमाप सुरू होतं, आणि जे मोजलं जातं ते त्या दोघांच्या भेटीचं असतं. म्हणून मी कधीही 'ही टेप चांगली' किंवा 'हा ड्राइव्ह चांगला' असं एका नोंदीवरून म्हणत नाही. कोणती टेप कोणत्या ड्राइव्हमध्ये कधी गेली आणि तेव्हा काय झालं, एवढंच लिहून ठेवतो. तीन-चार महिन्यांची वही झाली की दोषी आपोआप उघडा पडतो.

हे मी महागात शिकलो. जळगावात आमच्याकडे तेव्हा दोन ड्राइव्हची लायब्ररी, म्हणजे टेपा आपोआप बदलणारं यंत्र, होती. एका पावसाळ्यात 'मीडिया खराब' असे इशारे पाठोपाठ येऊ लागले. आम्ही टेपा बाद करत गेलो, नऊ टेपा बाद केल्या. नव्या मागवल्या, तर त्यातल्याही दोन पहिल्याच आठवड्यात तसाच इशारा देऊ लागल्या. तेव्हा मी एका कोऱ्या कागदावर रकाने पाडले. डावीकडे टेपांचे बारकोड, वर ड्राइव्ह एक आणि ड्राइव्ह दोन. जिथे चूक झाली तिथे फुली. अर्ध्या तासात कागद भरला आणि जवळजवळ सगळ्या फुल्या दुसऱ्या रकान्यात होत्या. टेपा निर्दोष होत्या, दुसऱ्या ड्राइव्हचं हेड झिजलं होतं. खरं दुःख पुढचं होतं: त्या ड्राइव्हने गेल्या चार महिन्यांत जे काही लिहिलं होतं ते पहिल्या ड्राइव्हमध्ये एकेक करून वाचून पाहावं लागलं, आणि ज्या टेपा कष्टाने वाचल्या जात होत्या त्यांची प्रत दुसरीकडे उतरवावी लागली. रात्रपाळीचा सहकारी येऊन विचारायचा, "काय व्हयनं भाऊ, अजून चालूच?" तीन आठवडे ते चालूच होतं. तो कागद आधी काढला असता तर हे झालंच नसतं.

'हिरव्या' खुणेचा अर्थ नीट समजून घ्या, कारण तिथेच बहुतेकांचा घात होतो. एलटीओ ड्राइव्ह लिहिता लिहिता लगेच मागून तेच वाचून बघतो. चूक आढळली तर तोच भाग टेपवर पुढे पुन्हा लिहितो. सॉफ्टवेअरला यातलं काहीच कळत नाही, त्याला शेवटी 'लिहिलं गेलं' एवढंच कळतं. टेप आतून थकलेली असली तरी अहवाल महिनोन्‌महिने हिरवाच राहतो. पण पुन्हा लिहिलेला प्रत्येक तुकडा जागा खातो. त्यामुळे थकलेल्या टेपचं पहिलं लक्षण बऱ्याचदा चुकीचा संदेश नसतो; टेप लवकर भरते. एलटीओ-६ ची मूळ क्षमता २.५ टेराबाइट आहे. तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर माहिती आधीच कूटबद्ध (किल्लीशिवाय न वाचता येणारी) करून पाठवत असेल तर ड्राइव्हला ती आवळता (कमी जागेत बसवता) येत नाही, आणि मग हिशेब सरळ होतो: एखादी टेप दोन टेराबाइटच्या आसपास भरू लागली तर ती काहीतरी सांगते आहे. कूटबद्ध नसेल तर मात्र फसगत होते. खोक्यावर ६.२५ टेराबाइट लिहिलेलं असतं, ते आवळलेल्या माहितीचं गृहीत धरून. रोजची माहिती किती आवळली जाईल ते तिच्या जातीवर अवलंबून. अशा वेळी एका टेपचा आकडा बघू नका. त्याच कामाच्या, त्याच वयाच्या चार टेपांशी तुलना करा.

आता तीन ठिकाणं सांगतो जिथून खरी माहिती मिळते.

पहिलं ठिकाण टेपमधली चिप. प्रत्येक एलटीओ टेपच्या कोपऱ्यात एक बारीक मेमरी चिप असते. टेप आत गेली की ड्राइव्ह तिला स्पर्श न करता वाचतो. तीत टेपची निर्मितीची तारीख, ती आजवर किती वेळा ड्राइव्हमध्ये गेली, जन्मभरात किती मेगाबाइट लिहिलं आणि वाचलं, आणि शेवटच्या चार ड्राइव्हचे अनुक्रमांक असतात. वही नसलेल्या माणसाला हे शेवटचे चार अनुक्रमांक फार उपयोगी पडतात, कारण त्यावरून मागचा थोडा इतिहास जुळवता येतो.

दुसरं ठिकाण ड्राइव्हमधले मोजणीचे आकडे. लिहिताना किती चुका दुरुस्त केल्या, किती तुकडे पुन्हा लिहिले, किती चुका दुरुस्त झाल्याच नाहीत, वाचण्याचेही तसेच. एलटीओ-५ पासून पुढच्या ड्राइव्हमध्ये टेपनिहाय आकडेही मिळतात: त्या टेपच्या सुरुवातीवरून हेड किती वेळा गेलं, मध्यावरून किती वेळा, सर्व्होच्या, म्हणजे हेड नेमक्या जागी धरण्याच्या, चुका किती. दुरुस्त झालेल्या चुका पाहून घाबरू नका. त्या शून्य कधीच नसतात, निरोगी टेपच्याही नसतात. त्यांना लिहिलेल्या गिगाबाइटने भागा आणि इतर टेपांशी ताडून बघा. बाकी टेपा एका पातळीवर आणि एकच टेप त्यांच्या दहा-वीस पट वर, हे चित्र दिसलं की लक्ष द्या. आणि दुरुस्त न झालेली चूक एकही आली तर त्याच दिवशी लक्ष द्या.

तिसरं ठिकाण टेपअलर्ट. ड्राइव्हमध्ये ६४ इशाऱ्यांची एक ठरलेली यादी असते. ३ क्रमांक म्हणजे न सुटलेली चूक, ४ म्हणजे टेपवर संशय, ५ आणि ६ म्हणजे वाचणं किंवा लिहिणं फसलं, ७ म्हणजे टेपचं आयुष्य सरलं, २० म्हणजे आत्ता सफाई करा, २२ म्हणजे क्लीनिंग टेप संपली, ३० आणि ३१ म्हणजे ड्राइव्हच्या यंत्रातच बिघाड, ३६ म्हणजे ड्राइव्ह तापला. मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो २० क्रमांक, पण तो कधी आला यापेक्षा कोणती टेप आत असताना आला ते महत्त्वाचं. एकाच टेपच्या वेळी दोन-तीनदा सफाई मागितली गेली तर ती टेप स्वतःची पावडर हेडवर सोडते आहे. तिच्यातली माहिती दुसरीकडे उतरवा आणि तिला निवृत्त करा. वेगवेगळ्या टेपांच्या वेळी वारंवार मागितली गेली तर ड्राइव्हकडे किंवा खोलीच्या हवेकडे बघा.

लिनक्सवर हे सगळं एसजी-थ्री-युटिल्स या पॅकेजमधून वाचता येतं: एसजी-लॉग्ज या आज्ञेने लॉगची पानं, आणि एसजी-रीड-अ‍ॅट्र या आज्ञेने चिप. टेपअलर्टचं पान सोळाच्या (हेक्स) पद्धतीत २ई, लिहिण्याच्या चुकांचं २, वाचण्याच्या चुकांचं ३, टेपनिहाय आकड्यांचं १७. विंडोज असेल तर ड्राइव्ह बनवणाऱ्यांची स्वतःची तपासणीची साधनं फुकट मिळतात, ती वापरा. दोन खोड्या मात्र लक्षात ठेवा. टेपअलर्टचे इशारे एकदा वाचले की पुसले जातात. बॅकअप सॉफ्टवेअरने ते आधी वाचले असतील तर तुमच्या आज्ञेला सगळं कोरं दिसेल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. म्हणून इशारे एकाच ठिकाणाहून वाचायचे आणि दुसऱ्याने काय नोंदवलं ते त्याच्या लॉगमधून घ्यायचं. दुसरी खोडी अशी की चुकांचे आकडे बहुतेक ड्राइव्हमध्ये नवी टेप घातली की पुन्हा शून्यापासून सुरू होतात. त्यामुळे नोंद घ्यायची ती टेप बाहेर काढण्याआधी. बॅकअप संपला, आकडे लिहिले, मगच टेप बाहेर. मी ही नोंद बॅकअपच्या शेवटी आपोआप चालणाऱ्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घातली आहे. रोज एक ओळ तयार होते: तारीख, टेपचा बारकोड, ड्राइव्हचा अनुक्रमांक, किती लिहिलं, किती चुका दुरुस्त, किती नाही, इशारे कोणते. सहा महिन्यांनी ती फाइल बारकोडप्रमाणे लावून बघितली की टेपा बोलतात, ड्राइव्हप्रमाणे लावून बघितली की ड्राइव्ह बोलतो.

तुमची खरी अडचण, ताई, ही आहे की तुमच्याकडे एकच ड्राइव्ह आहे. कागदावर दुसरा रकानाच नाही. सगळ्याच टेपांच्या चुका हळूहळू वाढू लागल्या तर ड्राइव्हवर संशय घेता येतो, एकाच टेपच्या वाढल्या तर टेपवर. पण तिसरा प्रकार तुम्हाला कधीच दिसणार नाही: ड्राइव्ह जरासा सरकलेला असतो, स्वतः लिहिलेलं स्वतः छान वाचतो, आणि तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की ती परकी होते. ज्या दिवशी तुमचा ड्राइव्ह मरेल आणि नवा आणाल त्या दिवशी हे कळून काय उपयोग? म्हणून वर्षातून दोनदा तरी एखाद-दोन टेपा दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये वाचून बघण्याची सोय करा. धुळे, जळगाव, नाशिक इथे टेप वापरणाऱ्या संस्था कमी झाल्या आहेत, पण आहेत. तुमच्या हार्डवेअरची देखभाल करणाऱ्याला विचारलं तर तो सांगेल. खातेदारांची माहिती बाहेर जाणार म्हणून टेप कूटबद्धच असली पाहिजे, आणि किल्ली तुमच्याच हातात. ड्राइव्ह शोधताना पिढी बघा. एलटीओ-७ ड्राइव्ह एलटीओ-६ टेप वाचतो आणि लिहितोही. एलटीओ-८ मात्र फक्त ७ आणि ८ च वाचतो, तुमच्या टेपा त्याच्यासाठी निरुपयोगी. उद्या नवा ड्राइव्ह घेताना कोणी 'त्याच किमतीत ८ देतो' म्हणालं तर आधी या ३२ टेपांचा विचार करा.

आता त्या फसलेल्या फाइलकडे येतो. माझा पहिला प्रश्न तुम्हाला असा आहे: ती टेप आदल्या रात्री कुठे होती? हा मी उगीच विचारत नाही. आमच्याकडे शनिवारची टेप भुसावळच्या दुसऱ्या कार्यालयात ठेवायला जायची आणि लागेल तेव्हा परत यायची. नेणारा माणूस ती मोटारसायकलच्या डिकीत टाकायचा. मे महिना, बाहेर ४४-४५ अंश, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहूनही जास्त. टेप आणली, लगेच ड्राइव्हमध्ये घातली, आणि वाचण्याच्या चुकांचा नुसता पाऊस. दुसऱ्या दिवशी तीच टेप निमूट वाचली गेली. मला तेव्हा उलगडा झाला नव्हता. एलटीओ-६ ची टेप अर्धा इंच रुंद आणि ८४६ मीटर लांब असते, आणि त्या अर्ध्या इंचात २१७६ माग, म्हणजे माहिती लिहिण्याच्या बारीक रेघा, शेजारी शेजारी असतात. टेपचं प्लास्टिक उष्णतेने आणि दमटपणाने रुंदीत जरासं फुगतं, आकसतं. अगदी जरासंच, पण एवढ्या बारीक मागांना तेवढं पुरतं. हेड जिथे जायला हवं तिथे बसत नाही. टेप खोलीच्या हवेत मुरली की पुन्हा जागेवर येते. म्हणून बाहेरून आलेली टेप २४ तास ड्राइव्हच्या खोलीत तशीच ठेवायची, मग घालायची. तुमची टेप दुसऱ्या दिवशी निघाली, हे मला यामुळेच फार ओळखीचं वाटलं. ते असंच झालं असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण टेप लॉकरमधून किंवा दुसऱ्या शाखेतून आली असेल तर आधी हेच तपासा.

टेपसाठी चालवतानाची सांगितलेली मर्यादा १० ते ४५ अंश आहे, आणि दीर्घकाळ ठेवायची असेल तर १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता. खान्देशात एप्रिल-मेमध्ये हे आपोआप घडत नाही. सर्व्हरच्या खोलीचा एसी चालू असतो, पण टेपांचं कपाट बहुधा बाहेर, पश्चिमेच्या भिंतीला. तिथे दुपारी हात लावून बघा. पावसाळ्यात उलटं होतं: थंड खोलीतली टेप दमट हवेत नेली की तिच्यावर दव धरतं, आणि ती तशीच ड्राइव्हमध्ये गेली तर हेडला चिकटू शकते. प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून न्या, आणि पोहोचल्यावर डबी लगेच उघडू नका.

वीज गेल्याचाही एक वेगळा परिणाम आहे. टेप बाहेर येता येता वीज गेली तर टेपची अनुक्रमणिका चिपमध्ये नीट लिहिली जात नाही. पुढच्या वेळी १८ क्रमांकाचा इशारा येतो आणि फाइल शोधायला तासन्‌तास लागतात. लोक टेप फेकून देतात. फेकू नका. माहिती शाबूत असते; टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचून काढली की अनुक्रमणिका पुन्हा तयार होते. ड्राइव्ह यूपीएसवर आहे ना, हे मात्र बघा. मी असे सर्व्हर पाहिले आहेत की सर्व्हर यूपीएसवर आणि बाहेरचा टेप ड्राइव्ह साध्या बोर्डावर.

आणि कापूस. तुमच्या आसपास जिनिंग असेल तर दिवाळीनंतर रुईचे तंतू हवेत असतात. ड्राइव्हचा पंखा हवा समोरून आत ओढतो, म्हणजे ते तंतू सरळ टेपच्या तोंडाशी. एका जिनिंगच्या कार्यालयात मी हंगामभर दर तीन-चार दिवसांनी सफाईची मागणी येताना पाहिली. ड्राइव्ह बदलायचं चाललं होतं. मी रॅकचा समोरचा दरवाजा उघडला तर जाळीवर पांढरी लव साचलेली, बोटाने ओढली तर घोंगडीसारखी एका तुकड्यात निघाली. रॅक आतल्या खोलीत नेला, दाराला फटीबंद पट्टी लावली. सफाईची मागणी महिन्यावर गेली.

आकडे आणि इशारे बघताना हात आणि डोळे विसरू नका. टेप हातात घ्या, कोपऱ्यातलं छोटं झाकण अंगठ्याने मागे सरकवा. आत एक बारीक धातूची पिन उभी दिसेल; ड्राइव्ह तिलाच पकडून टेप बाहेर ओढतो. ती सरळ उभी आणि वर-खाली दोन्ही टोकांना आपल्या खाचेत बसलेली असली पाहिजे. तिरकी असेल, एक टोक सुटलं असेल, तर ती टेप ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. टेप अडकेल आणि ड्राइव्हची पकडही वाकेल. टेप हलकेच हलवा, आत काही खुळखुळलं तरी तेच. पिनमागे दिसणाऱ्या टेपची कड लाटेसारखी झाली आहे का ते बघा. टेपच्या पट्टीला मात्र बोट लावायचं नाही. हातातून पडलेली टेप वरून धडधाकट दिसली तरी मी तिच्यावर लाल ठिपका लावतो, तिच्यातली माहिती उतरवतो आणि तिला पुन्हा रोजच्या फेरीत घेत नाही. संशयित टेप एका ड्राइव्हमध्ये वाचली गेली नाही म्हणून लगेच दुसऱ्यात, मग तिसऱ्यात घालून बघायची घाई कधी करू नका. खराब टेप एकामागून एक चांगले ड्राइव्ह बिघडवत जाते. आधी पिन, मग कड, मग ड्राइव्ह.

बदलायची वर्षं विचारलीत. ठरलेला आकडा नाही. टेप नेमक्या हवेत नुसती ठेवली तर ३० वर्षं टिकते असं बनवणारे सांगतात, आणि कपाटात नीट ठेवलेल्या जुन्या टेपा मी वाचल्याही आहेत. पण रोज वापरातली टेप वयाने थकत नाही, फेऱ्यांनी थकते. एलटीओ-६ एकदा पूर्ण भरायला टेप या टोकापासून त्या टोकाला १३६ वेळा धावते. चिपमधला जन्मभराचा लिहिलेला आकडा २.५ टेराबाइटने भागा, किती वेळा पूर्ण भरली ते कळेल. माझी पद्धत अशी: रोजच्या फेरीतली टेप शंभराच्या आसपास वेळा भरली किंवा पाच वर्षं झाली, जे आधी होईल तेव्हा, तिला साध्या कामाला लावायचं, महत्त्वाची माहिती नवीन टेपवर. कायमच्या जपणुकीच्या टेपांना हा नियम लावत नाही. त्यांचं संकट झिजण्यात नाही, त्या वाचणारा ड्राइव्ह बाजारातून जाण्यात आहे. आणखी एक: तुमच्या सर्व्हरची डिस्क हळू असेल तर ड्राइव्हला पुरेशी माहिती मिळत नाही, तो थांबतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो, आणि टेपचा तोच तुकडा घासला जातो. बॅकअपचा वेग पडलेला दिसतोय आणि ड्राइव्हमधून सारखा खरखर करत थांबल्याचा आवाज येतोय तर आधी बॅकअप डिस्कवर घ्या, तिथून टेपवर.

लेखापरीक्षकांना काय दाखवायचं? रोजच्या ओळींची ती फाइल, आणि एक वेगळी वाचन-नोंद. दर महिन्याला दोन टेपा, एक रोजच्या फेरीतली आणि एक जुनी, निवडायच्या. जुनी कोणती ते चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर हात आपोआप ओळखीच्या टेपकडेच जातो. जुन्या टेपवरची एक फाइल खरोखर परत काढायची, उघडून बघायची, आणि शक्य असेल तर दुसरी टेप टोकापासून टोकापर्यंत वाचायची. काय निघालं, किती वेळ लागला, वाचण्याच्या चुका किती, कोणी केलं, तारीख. या दोन नोंदी सहा महिने नियमित असतील तर टक्क्यांचा आकडा कोणी मागणार नाही.

आणि ती मागच्या महिन्यातली टेप. तिची राइट-प्रोटेक्टची खटकी आत्ता बंद करा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. पिन बघा. २४ तास ड्राइव्हच्या खोलीत ठेवा. मग पूर्ण वाचा, सगळी माहिती डिस्कवर उतरवा, आणि बाहेर काढण्याआधी वाचण्याच्या चुका लिहून घ्या. त्याच दिवशी, त्याच ड्राइव्हमध्ये, त्याच वर्षी घेतलेली दुसरी एक टेप तशीच वाचा आणि तिचाही आकडा शेजारी लिहा. ते दोन आकडे मला कळवा.